चांगुणाच्या गोधडीची तीट

चांगुणाचा पाय त्या दिवशी घरात ठरत नव्हता. तव्यावर भाकरी टाकायची अन् उंबऱ्यात येऊन रस्ता बघायची. एसटीडी बूथवाल्याचं बोलावणं काही येईना. भाकरी करपली तशा सासू गोजरबाई म्हणाल्या, "आज भाकरीलाबी तीट लावली व्हय गं?"

टोमणा बरोबर जागी बसला. सगळं त्या तिटेवरूनच तर अडलं होतं.

शिंगणापूरला शनीच्या दर्शनाला आलेल्या पुण्याच्या एका बाईंनी दोरीवर वाळत घातलेली चांगुणाची गोधडी पाहिली होती. त्या कॉम्प्युटरवर वस्तूंचे फोटो लावत, ते बघून परदेशातली माणसं मागणी करत. हे दुकान नेमकं असतं कुठं, ते चांगुणाला उमगलं नाही. पण वाकून खुरपणी करण्यानं कंबर कामातून गेलेली, त्यात घरी बसून सुईदोऱ्याचं काम मिळालं तर देवच पावला, एवढं पक्कं उमगलं.

देवळापाशी यात्रेकरूंचे फोटो काढणाऱ्या सूर्यभाननं बाईंना पाठवायचा पहिला फोटो हौसेनं काढला. मागं बर्फाच्या डोंगराचा पडदा, गोधडीवर झेंडूचा हार, पुढ्यात नारळ, अन् वरून फ्लॅशचा लखलखाट. चांगुणानं हळदकुंकूही वाहिलं. नव्या वस्तूला कुणी तसंच उभं करतं का?

बाईंचा फोन आला. डोंगर दिसला, हार दिसला, गोधडी कुठंय? आणि कोपऱ्यात ते जळाल्याचं भोक कसलं?

भोक नव्हतं ते. गोजरबाईंच्या सासूपासूनची रीत होती, गोधडी पुरी झाली की कोपऱ्यात काळ्या चिंधीचं ठिगळ लावायचं, दृष्ट लागू नये म्हणून. बाईंनी सांगितलं, मागं साधी भिंत ठेवा, फ्लॅश नको, कडक ऊन नको, एक फोटो लांबून, एक जवळून. अन् फोटोत दिसेल तीच वस्तू, तशीच पाठवायची. या खेपेला जमलं नाही तर राहू द्या.

सूर्यभान म्हणाला, "वहिनी, ठिगळच उसवा ना. झंझट मिटली."

चांगुणानं कात्री घेतली, ठेवली, पुन्हा घेतली. गोजरबाई नुसत्या कात्रीकडं बघत राहिल्या, ते टोचलं. तशीच गोधडी बाजेवर टाकून ती पाणी प्यायला उठली, वळली, अन् थबकली.

गावातल्या रीतीप्रमाणं त्यांच्याही घराला चौकट होती, दार नव्हतं. कुत्रं आत शिरू नये म्हणून चौकटीला जुनं पांढरं धोतर टांगलेलं. त्यातून गाळून आलेला उजेड गोधडीवर पडला होता. लुगड्याचा हिरवा रंग हिरवाच दिसत होता अन् टाका न् टाका मोजून घ्यावा असा उठला होता.

तिनं सूर्यभानला तसंच बोलावून आणलं. त्याच उजेडात गोधडी चुन्याच्या भिंतीवर टांगली, मापाचा अंदाज यावा म्हणून खाली तांब्या ठेवला. हार नाही, नारळ नाही. मग ती म्हणाली, "आता ठिगळाचा काढा भाऊजी. पार जवळून. चिंधी हाय, भोक न्हाई, हे दिसू द्या."

फोटो धुऊन पुण्याला गेले, तेव्हापासून ही येरझार.

बोलावणं आलं ते भांडी घासताना. राखेच्या हातानंच ती धावली. परत आली ती सांगत, की गोधडी अमेरिकेतल्या एका बाईनं घेतली, आणखीही करायला सांगितल्यात. ठिगळ कशासाठी, तेही पुण्याच्या बाईंनी तिला कळवलं. गोजरबाईंनी देवापुढं साखर ठेवली.

पण चांगुणाला चैन कुठलं? गोधडी बांधायला घेतली अन् तिच्या मनात आलं, जगभरच्या माणसांनी बघितली की ही.

"आत्याबाई, एवढ्या नजरंला एवढंसं ठिगळ पुरंल?"

तिनं दुसरी काळी चिंधी शोधली, सुई ओवली, मग हात आखडला. फोटोत तर एकच दिसतंय.

"उलट्या अंगानं घाल," गोजरबाई म्हणाल्या. "फोटुला दिसायचं न्हाई. देवाला दिसंल."

चांगुणानं गोधडी उलटी केली अन् चौकटीतल्या उजेडाकडं सरकून बसली.