त्रास कधीपासून

सर्वांत जास्त देणं कुणाचं लागतोस, असं विचारलं तर मुलानं आईबापाचं नाव घ्यावं, हे मला कळतं. अब्बांनी आर्णीच्या बाजारात शेतकऱ्यांच्या पंपाच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेनं भरून देत मला शिकवलं. आमच्या खानदानातला मी पहिला पदवीधर. तरी मी पहिलं नाव घेतो ते माझ्या कोर्समेटचं. महागाव तालुक्यातला, कपाशीवाल्या घरचा, माझ्याच वयाचा. त्याच्यामुळे मी सैन्यात अधिकारी झालो. माझ्यामुळे त्याचं काय झालं, ते सांगायला हे लिहितो आहे.

दक्षिणेतल्या त्या अकादमीत पोचलो तेव्हा अख्ख्या कोर्समध्ये यवतमाळ जिल्ह्याचे आम्ही दोघंच होतो. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या मला इंग्रजीची इतकी धास्ती की पहिले दोन आठवडे मी मेसमध्ये अंडं खाल्लं नाही. अंडं कसं हवं ते वेटरला इंग्रजीत सांगावं लागायचं. हे त्याच्या लक्षात आलं.

"काहून बे, अंडे खात नाही का तुमच्यात?"

"खातो. पण मागता येत नाही."

"'सेम' म्हण फक्त. पुढच्यानं जे मांगलं थे भेटते तुले. कधी मनासारखं भेटते, कधी नाही. भुका त राहात नाही."

शेवटच्या सत्रात माझा पाय मुरगळला आणि सरावाचे बरेच दिवस बुडाले. अकादमीचा नियम कडक होता. ठरावीक दिवसांपेक्षा जास्त सराव चुकला की कॅडेटला मागच्या कोर्समध्ये ढकलायचे. सोबतचे लोक खांद्यावर तारे लावून निघून जाणार आणि आपण सहा महिने तिथंच राहणार. माझा एकच दिवस शिल्लक होता आणि तीन दिवसांच्या शेवटच्या कॅम्पच्या तोंडावर मला सणकून ताप भरला.

"डॉक्टरकडं गेला त गेला तू," तो म्हणाला. "कोणाले सांगू नको. मी हावो ना."

त्यानं माझी रायफल आपल्या खांद्यावर घेतली, माझ्या पट्ट्याला दोरी बांधून तिचं टोक स्वतःच्या पिशवीला बांधलं आणि मला तीन दिवस अक्षरशः ओढत नेलं. मी माझ्या कोर्ससोबतच पास झालो. परेड पाहायला अब्बा आले होते. मैदानाच्या कडेला पाण्याची मोटार चालू होती. सगळं झाल्यावर ते मला मिठी मारून म्हणाले, "बेटा, त्या मोटारीचं बेअरिंग गेलंय, सांग कुणाला तरी." आयुष्यात मी त्यांना इतकं खूश पाहिलं नाही.

आजार लपवून निभावून नेणं म्हणजे दोस्ती, असं माझ्या मनात त्या कॅम्पपासून पक्कं बसलं. त्याच्याही.

नोकरीची ठरलेली वर्षं संपल्यावर तो कॅप्टनच्या हुद्द्यावरून गावी शेतीत परतला, मी नागपुरात एका कारखान्याच्या सुरक्षेवर लागलो. आमच्या प्लाटूनमधल्या पाच जणांची दोस्ती मात्र टिकली. आम्ही दोघं, एक पंजाबचा, एक लखनौचा, एक केरळचा. वर्षातून एकदा आम्ही कुठल्यातरी शहरात भेटायचो. दोन वर्षं तो आला नाही. कपाशीची ती वर्षं सगळ्या जिल्ह्याला खाऊन गेली. बोंडात अळी, बाजारात भाव नाही, आणि अळीच्या मागे फवाऱ्यावर फवारा. तिसऱ्या वर्षी लखनौच्यानं ठरवलं, कॅप्टन येत नाही तर आपण कॅप्टनकडे जाऊ. सप्टेंबरातले दोन दिवस नक्की झाले.

त्या साली पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, माणसाच्या डोक्यावर गेली होती. पंप पाठीवर घेऊन फवारायचं म्हणजे औषध वरून आपल्याच तोंडावर येणार. गावोगावचे फवारणारे चक्कर येऊन पडत होते, दवाखान्यात भरती होत होते. मजूर फवाऱ्याला यायला तयार नव्हते. तो फोनवर म्हणाला, "मी पण धाडत नाही कोणाले. ज्या कामाले आपण जात नाही त्या कामाले माणूस धाडाचा नाही, हेच शिकवलं ना आपल्याले?" आम्ही येण्याआधी शेत मोकळं व्हावं म्हणून चार दिवस त्यानं एकट्यानं फवारलं. अंगातला सदरा औषधानं भिजायचा आणि अंगावरच वाळायचा.

आम्ही पोचलो त्या संध्याकाळी तो थकलेला दिसला, इतकंच. मटण रांधलं होतं. वहिनी सगळ्यांना आग्रह करकरून वाढत होत्या. तो स्वतः जेमतेम जेवला.

सकाळी सहाला मी तोंड धुवायला मागच्या टाक्यावर गेलो तर तो गोठ्याच्या भिंतीला हात टेकून ओकत होता. हवेत गारवा होता आणि त्याच्या अंगावरून घाम निथळत होता.

"काय झालं बे?"

"काही नाही. फवाऱ्याचं आहे. डोकं दुखून राह्यलं, नजर जराशी धुरकट झाली. उतरते."

"चाल दवाखान्यात."

"आज? अबे, थो केरळचा दोन गाड्या बदलून आला. उद्या हे लोकं निघाले का सरळ जाऊ. तवर कोणाले सांगू नको. तिले त बिलकुलच नाही."

त्याच्या डाव्या डोळ्याची पापणी सारखी फडफडत होती. नागपूरच्या पेपरात फवारणीच्या बातम्या रोज येत होत्या आणि मी त्या वाचत होतो. मला माहीत नव्हतं, असं मी म्हणू शकत नाही.

मी म्हणालो, "हाव."

मग मी त्याला लिंबूपाणी करून दिलं, माझ्या बॅगेतली उलटीची गोळी दिली. उजेड त्याच्या डोळ्यांना सोसवेना म्हणून माझा गॉगल दिला. हे सगळं करताना मला बरं वाटत होतं, हेही सांगायला पाहिजे. एवढ्या वर्षांनी त्याच्या कामी येतो आहे, असं वाटत होतं.

आमच्या भेटीचा एक रिवाज आहे. सकाळी सातला सगळ्यांनी रांगेत उभं राहायचं. जो शेवटी येईल त्यानं दहा फ्रंट रोल, म्हणजे डोकं जमिनीला टेकवून दहा कोलांट्या मारायच्या. त्या दिवशी अंगणात तो शेवटी आला.

"आइए हीरो!" लखनौचा ओरडला. "खेती करते हो कि शूटिंग?"

"आँखें आई हैं इसकी," मी म्हणालो.

"और ये चाल? टाँगें भी आई हैं क्या?"

"दस!" पंजाबच्यानं हुकूम सोडला. "कॅप्टन साहब, अपना घर है तो क्या, माफी नहीं मिलेगी."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावून हसत होत्या. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. गॉगलमुळे डोळे दिसले नाहीत. मग तो खाली वाकला आणि कोलांटी मारली. आम्ही मोजत होतो. सर्वांत मोठ्यानं मी मोजत होतो, कारण मी गप्प राहिलो असतो तर इतरांना संशय आला असता. एक, दो, तीन. सातव्याला तो मातीत आडवा राहिला आणि हसायला लागला. लखनौचा म्हणाला, "घर का घी पच नहीं रहा साहब को!" आम्ही सगळे हसलो. त्याला उठवलं ते मीच. त्याचा हात बर्फासारखा गार आणि ओला होता.

दुपारपर्यंत तो खुर्चीतून उठला नाही. सारखा थुंकत होता. केरळच्यानं दोनदा विचारलं, "हे ठीक आहे ना?" त्याला सैन्यात मराठी जवानांमुळे थोडं मराठी येतं. मी दोन्ही वेळा "हो" म्हणालो.

जेवायला बसलो तेव्हा त्याच्या हातातला भाकरीचा तुकडा तोंडापर्यंत गेलाच नाही. तोंडातून लाळ गळायला लागली, मान मागे गेली, आणि तो पाटावरून कलंडला.

गाडी मी चालवली. मागे केरळच्यानं त्याचं डोकं मांडीवर एका कुशीला धरलं होतं. पंजाबचा हाका मारत होता. वहिनी माझ्या शेजारी बसल्या होत्या. निघताना त्यांनी आठवणीनं औषधाचा रिकामा डबा पिशवीत टाकला होता. आमच्यात डोकं फक्त त्यांचंच ठिकाणावर होतं. आर्णीच्या बाजारातून मी हॉर्नवरचा हात न काढता गेलो. यवतमाळ येईतो दोन वाजत आले.

दवाखान्यात फवाऱ्याचे रुग्ण आधीच होते. तरुण डॉक्टरबाईंनी त्याच्या पापण्या उघडून पाहिल्या, डबा पाहिला आणि कपडे काढून अंग धुवायला सांगितलं. मग आमच्याकडे वळून विचारलं, "त्रास कधीपासून?"

"आत्ता जेवताजेवताच झालं जी," वहिनी म्हणाल्या आणि माझ्याकडे पाहिलं.

डॉक्टरबाईंनीही माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "हो. बारा-साडेबारापासून."

त्यांनी तसं लिहून घेतलं. "बरं झालं लगेच आणलंत," त्या म्हणाल्या.

अकरा दिवस तो श्वासाच्या यंत्रावर होता. आम्ही चौघांनी पाळ्या लावल्या. पंजाबच्यानं रजा वाढवून घेतली, लखनौचा औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन धावत होता. मी व्हरांड्यात बसून दुवा मागत होतो. पण काय मागायचं तेच कळेनासं झालं होतं. तो वाचावा, हे तर होतंच. तो शुद्धीवर आल्यावर पहिल्यांदा काय बोलेल, याचीही मला भीती वाटत होती, आणि या भीतीची किळस येत होती. एकदा डॉक्टरबाईंना गाठून विचारलं, सहा तास आधी आणलं असतं तर? त्या म्हणाल्या, "नक्की कोण सांगणार? पण यात एकेक तास मोलाचा असतो." त्या घाईत होत्या. मी असं का विचारतो, हे त्यांनी विचारलं नाही.

तो वाचला. नजर मात्र परत आली नाही, म्हणजे माणूस दिसतो, दार दिसतं, पण अक्षरं एकमेकांत मिसळतात. हात थरथरतात. पायांत बळ नाही, भिंत धरून चालतो. शेत बटईनं, अर्ध्या वाट्यावर, दिलं आहे.

वहिनींनी गावभर सांगितलं की भाऊजींनी गाडी उडवत नेली म्हणून माझं कुंकू राहिलं. मी भेटायला गेलो की त्या चुलीवरचं टाकून बाहेर येत. "भाऊजी, तुमी होते म्हणून हे हायत." तो बाजेवर बसून ऐकत असे. एकदा त्या आत गेल्यावर मी म्हणालो, "मी सांगून टाकतो वैनीले."

"गप राह्य," तो म्हणाला. "माह्याच म्हणण्यावरून झालं. कायले उकरतं? तिले कोणीतरी देव पाह्यजे, तू हो."

त्यानं परत मला पाठीशी घातलं होतं. इतर तिघांना मी फोनवर सगळं सांगितलं. पंजाबचा म्हणाला, "रोल तो हमने ही करवाए थे, यार." मला त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

दिवाळीत वहिनींनी मला भाऊबीजेला बोलावलं. त्यांना सख्खा भाऊ नाही. मी कामाचं खोटं कारण सांगितलं आणि तो दिवसभर नागपुरात घरीच बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी मी त्याला पत्र लिहिलं. ते टाकून आज सोळा दिवस झाले. उत्तर नाही, फोनही नाही. पत्र असं होतं.

*

दोस्ता,

तुला अक्षरं दिसत नाहीत. म्हणजे हे पत्र वहिनी तुला वाचून दाखवतील. ते माहीत असूनच लिहितो आहे. तू मधेच "राहू दे, पुढं वाचू नको" म्हणशील. वहिनी, त्याचं ऐकू नका.

वहिनी, त्याचा त्रास दुपारी जेवताना सुरू झाला नव्हता. सकाळी सहाला तो गोठ्याजवळ ओकत होता आणि मी तिथं होतो. नजर धुरकट झाली, हेही त्यानं मला सांगितलं होतं. कुणाला सांगू नको म्हणाला, आणि मी ऐकलं. त्याचे डोळे आलेत, हे मी खोटं सांगितलं. अंगणात तुम्ही हसत होता तेव्हा मला सगळं माहीत होतं. डॉक्टरांनी वेळ विचारली तेव्हाही मी खोटं बोललो, ते कुणाच्या सांगण्यावरून नाही. तुम्ही समोर होता म्हणून बोललो. तुम्ही ज्याला वाचवणारा म्हणता त्यानं सहा तास घालवले.

दोस्ता, तू म्हणशील, तुझ्याच म्हणण्यावरून झालं. तू आजारी होतास. मी नव्हतो. तुझं ऐकायचं नव्हतं, एवढंच मला करायचं होतं. माझ्यासाठी तू जे केलंस त्याची फेड मी अशी केली, आणि तू ती कुणाला कळूही दिली नाहीस. आता मला पाठीशी घालू नकोस. वहिनींना जे बोलायचं ते बोलू दे.

वहिनी, माफ करा असं मी लिहीत नाही. भाऊबीजेला काम नव्हतं, मी घरीच होतो. पाटावर बसायची हिंमत झाली नाही.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी नागपूरला डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. जुने सगळे कागद सोबत ठेवा. गाडी सकाळी सातला दाराशी येईल. मी नको असेन तर लखनौचा येतो म्हणाला आहे, त्यानं रजा टाकली आहे. गाडीत मी असावं की त्यानं, तेवढं कळवा.

तुझा कोर्समेट