चकतीतलं पाणी

सगळे त्यांना भट्टीकाका म्हणायचे. उभा जन्म चिनीमातीच्या भट्टीसमोर गेलेला, भुवया तर कधीच्याच जळालेल्या. "भट्टी आईसारखी," ते म्हणायचे, "चुका पोटात घालते." माती जास्त ओली झाली, तरी भट्टी पाणी उडवून लावायची आणि भांडं खणखणीत निघायचं.

पुढे कारखाना बॅटऱ्यांचा झाला आणि भट्टी विझली. आता चिनीमातीसारख्याच एका भुकटीत पाण्याचे थेंब टाकायचे, प्रेसखाली जोर लावून दाबायची, की घरातल्या ओव्हनइतक्या आचेवर चकती तयार. काकांना हा निव्वळ पोरखेळ वाटायचा. पण शेजारच्याच खोलीत त्यांची लेक त्या चकत्यांना लिथियमचा मऊ पत्रा लावून बॅटऱ्या जुळवायची, म्हणून ते गप्प बसले.

चकत्यांच्या कडा तुटायच्या आणि साहेब करवादायचे. मग काकांनी जुन्या सवयीने हात सैल सोडला. थेंबांऐवजी चांगला शिपका मारायला लागले. कडा तुटायच्या थांबल्या, शाबासकीही मिळाली. ते पाणी गेलं कुठे, हे ना साहेबांनी विचारलं ना काकांच्या मनात आलं. पाणी उडतंच, हे त्यांच्या हाडीमाशी मुरलेलं.

लेकीने त्यातल्याच एका बॅटरीवर दिवा करून हौसेने घरी आणला. तिची आई सांधे आखडून अंथरुणाला खिळलेली, कूस बदलायलाही ही दोघं लागायची. डोळ्यांवर उजेड नको म्हणून लेकीने दिवा तिच्या पायाशी पांघरुणावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी लेकीच्या टेबलावरची एक बॅटरी टम्म फुगली.

"बाबा, हात लावू नका. चकतीत पाणी राहिलंय. लिथियमला पाणी लागलं की गॅस तयार होतो, मग बॅटरी पेटच घेते. पण पाणी आलं कुठून?"

काकांना आपला शिपका आठवला. त्यांनी तडक घरी फोन लावला.

"अगं, दिवा कसा आहे?"

"काय सांगू तुम्हाला!" बायको खुशीत होती. "काल नुसता उजेड होता, आज ऊबही येतेय. पायांना इतकं बरं वाटतंय! बापलेकीच्या हाताला यश आहे हो."

"लाथ मार त्याला! खाली पाड!"

"काहीतरीच तुमचं. पाय हलले असते तर आणखी काय हवं होतं?" ती हसली, आणि मधेच थांबली. "अहो, ही शिट्टी कसली वाजतेय?"