समुद्रातल्या बुरशीची दवा

समुद्राच्या पाण्यावर वाढवलेल्या बुरशीची काचेची बशी उघडली की ओल्या पोत्यासारखा वास येतो, आणि मला चिटगुप्प्याची माझी थोरली बहीण, अक्का, आठवते. तेव्हा मी किनाऱ्यावरच्या प्रयोगशाळेत शिकत होते. तिथं एका बुरशीच्या अर्कानं बशीतल्या कॅन्सरच्या पेशी मेल्या, आणि आनंदाच्या भरात मी ते फोनवर अक्काला सांगून टाकलं. तिला तोच आजार होता. पुढच्या आठवड्यात गावी गेले, तर दाजींनी तिला उशीला टेकवून बसवलं होतं आणि जवळ धुऊन पुसलेला चमचा ठेवला होता. "आणलीस का गं दवा?" तिनं विचारलं. "अक्का, ती दवा न्हाई अजून. आत्ता उंदरांवर बघायलोत, मग माणसांवर. लई वर्षं लागतात." "मग मला कामून सांगितलंस?" ती एवढंच म्हणाली. दाजींनी चमचा उचलून आत नेला. दोन महिन्यांनी ती गेली. पुढं त्या अर्कानं चांगल्या पेशीही मरतात असं दिसलं, आणि आम्ही तो सोडून दिला. दाजी अजूनही फोनवर विचारतात, "निघाली का गं ती दवा?" मी म्हणते, "काम चालूच हाय, दाजी."