शेपटीचं चाक

मंगळवार, २८ फेब्रुवारी १९५६. आकाश निरभ्र. वारा पश्चिमेचा, दुपारनंतर जोरात.

धुळ्याजवळच्या माळावर आमच्या फ्लाइंग क्लबचं एकुलतं एक विमान होतं आणि त्याची नोंदवही माझ्याकडे. प्रत्येक लँडिंगपुढे शेऱ्याला बोटभर जागा. 'ठीक' लिहायला ती पुरायची, पण 'ठीक' लिहायची वेळ यायची कुठे! उरलेलं मी घरी डायरीत उतरवत गेलो आणि किस्से साचत गेले.

विमानाला पुढे दोन मोठी चाकं, शेपटीखाली एक चिमुकलं. जमिनीला टेकलं की मागचं वजन पुढे यायला बघतं. पायांनी रडर, म्हणजे शेपटीचं सुकाणू, सांभाळलं नाही, तर विमान गर्रकन स्वतःभोवती फिरतं.

वर दिलेल्या मंगळवारी ते निंबाभाऊंच्या हातून फिरलं. निंबाभाऊ पाटील म्हणजे रावेरकडचे केळीवाले. त्यांच्या वडिलांनी, आबांनी, अट घातली होती, "कापणी लागायच्या आत परवाना आण. नाहीतर विमान बंद, मळा चालू!"

पण निंबाभाऊंचा हात बैलगाडीचा. विमान वळायला लागलं की पाय विसरून हातातला सुकाणूचा दांडा कासऱ्यासारखा ओढायचे आणि ओरडायचे, "होऽऽ! होऽऽ!"

शिकवणारे दिघे सर म्हणाले, "भाऊ, याला शिंगं नाहीत!"

"पण सर, खोडी सगळ्या त्याच आहेत!"

*

दुसरे विद्यार्थी भंवरलालशेठ, कापडाचे व्यापारी. त्यांनी उतरताना ब्रेक असा दाबला की विमान नाकावर उभं राहून उताणं झालं. आम्ही धावलो. शेठ पट्ट्याला उलटे लटकलेले, आणि फाटलेल्या पंखाचं कापड दोन बोटांत चोळून बघत होते.

"पोत उत्तम आहे हो, सर! मिल कोणती?"

*

धावपट्टी स्वच्छ म्हणून शेजारच्या गावातल्या बायका तिथे बिबड्या, ज्वारीचे पापड, वाळत घालायच्या. एकदा त्या चुकवायला दिघे सरांनी विमान थेट कपाशीत घातलं. भडकून खाली उतरले, तर समोर म्हातारी अक्का कमरेवर हात ठेवून उभी.

"तुमनं इमान उडस ना? मंग वरथीन जा ना!"

संध्याकाळी तिनेच टोपलीभर बिबड्या क्लबात पाठवल्या.

*

दिघे सरांचं आवडतं वाक्य, "विमान थांबेपर्यंत लँडिंग संपलं असं समजू नका." एकदा उतरल्यावर हेच निंबाभाऊंना समजावायला ते मान वळवून बोलू लागले आणि वाक्य पुरं व्हायच्या आत विमानाने गिरकी घेतली! धूळ बसल्यावर मला म्हणाले, "नाना, लिहा. प्रात्यक्षिक."

*

अखेर निंबाभाऊंच्या परीक्षेचा दिवस आला. कापणीला आठवडा उरला होता. परीक्षकांसमोर एकट्याने तीन वेळा सरळ उतरायचं. आबा एस्टीने हार-नारळ घेऊन हजर.

पहिलं लँडिंग सरळ. दुसरं सरळ. तिसऱ्यांदा चाकं टेकली आणि आबांना वाटलं, झालं! नवी गाडी दारात आली की चाकापुढे नारळ फोडायचा, ही आमच्याकडची रीत. विमान अजून धावतंय आणि आबा नारळ उंचावून पट्टीच्या मधोमध!

"आबाऽऽ!" दिघे सर किंचाळले.

निंबाभाऊंनी रडरवर लाथ हाणली. विमान गरगर फिरलं, डावा पंख जमिनीला घासला आणि आबांपासून दहा पावलांवर सगळं थांबलं.

परीक्षकांनी विचारलं, "विमान हातातून सुटलं, की तुम्ही फिरवलं?"

"फिरवलं, साहेब. सरळच जाणार होतो, पण मधे बाप होता."

तेवढ्यात धुळीतून आबा आले. "नारळ कुठं फोडू रे?"

"कुठंही फोडा, आबा," दिघे सर म्हणाले, "फक्त इंजिनवर नको!"

डावा पंख टोकाला हातभर फाटला. तिसरं लँडिंग अमान्य. पंखाला ठिगळ लावून ते दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा घेतलं. वारा शांत. लँडिंग सरळ. विमान थांबेपर्यंत दिघे सरांनी आबांचा दंड धरून ठेवला होता. परवाना मंजूर.