आमच्या खोलीतला कार्टूनचा शुक्रवार

मस्कतच्या गाला भागात आम्ही सहा जण एका खोलीत राहतो आणि टीव्ही एकच आहे. म्हणून शुक्रवारी रिमोटची पाळी असते. ज्याची पाळी, त्याचा सिनेमा. पण तिघे उठून गेले की पाळी रद्द आणि क्रिकेट सुरू. माझ्या दोन पाळ्या अशाच वाया गेल्या होत्या. तिसरीही गेली, तर माझं नावच यादीतून काढायचं ठरलं होतं.

तरी मी हट्टाने तोच जुना कार्टूनपट लावला. मूळ कादंबरी मी शाळेत असताना मराठी अनुवादात वाचली होती. राक्षस, जादूचं जंगल, सगळं त्यात. तिच्यावर पुढे खऱ्या नटांचा मोठा सिनेमा आला आणि जगाने तो डोक्यावर घेतला. हाताने काढलेल्या या चित्रपटाला कुणी विचारलं नाही, याचा मला अजून राग येतो. मोठ्या सिनेमात घर सोडताना नायक घोड्यावर बसतो आणि निघतो. इथे तो कुलूप लावतो, चार पावलं जातो, कुलूप ओढून बघायला परत येतो. मग पाणी प्यायला येतो. मग उगाचच येतो. पुस्तकात यावर आख्खं प्रकरण आहे आणि ते फक्त या चित्रकारांना कळलं.

"लहान पोरांचं काय लावलंयस," म्हणत एक जण बाहेर गेला. पाठोपाठ दुसरा. तिसरा चप्पल शोधू लागला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून चाचा आले. रत्नागिरीचे, आमच्यात सगळ्यांत वडील; शुक्रवारचा भात त्यांच्याकडे. ते जेवायला हाक मारणार, सगळे उठणार आणि माझा निकाल लागणार, हे मला दिसत होतं.

चाचा पडद्याकडे बघत उभे राहिले.

"मागे घे रे जरा," ते म्हणाले आणि खाली बसले. "पहिल्यांदा इकडे यायला निघालो, तेव्हा गाडी दारात उभी, नि मी तीनदा आत गेलेलो. शेवटी अब्बांनी आतून कडी लावली. म्हणाले, आता जा."

तिसऱ्याने पायात घातलेली चप्पल काढली.

थोड्या वेळाने करपल्याचा वास आला आणि बाहेरचे दोघे धावत आत आले. चाचा जागचे हलले नाहीत.

"यल्ला, चला, गॅस बंद करा नि बसा. ज्याला क्रिकेट बघायचंय, त्याने पुढच्या शुक्रवारपासून भात करायचा."

सिनेमा शेवटपर्यंत चालला. सहाही जण बसून होते.