हात पोचतो का?

सांडोर गावच्या द्वारकाला देवाने सगळं दिलं, फक्त उंची द्यायची राहून गेली. शाळेत ती कायम पहिल्या रांगेत, आणि लग्नाच्या बाजारात शेवटच्या. पाहुणे यायचे, पोहे खायचे, ती ट्रे घेऊन आत वळली की एकमेकांकडे बघायचे. हे बघणं संपेपर्यंत तिचे केस पिकले. आईवडील गेले, मग थोरला भाऊ गंगारामही गेला. वहिनी मुलांसोबत विरारच्या फ्लॅटमध्ये राहायला गेली आणि केळीच्या वाडीतलं घर द्वारकाच्या एकटीच्या वाट्याला आलं. वहिनी काही वाईट नव्हती. दिवाळीला फराळ पाठवायची, पण कोणाच्या तरी हाती पाठवायची.

गंगाराम ताडमाड माणूस. एका पावसाळ्यात घरात पाणी शिरलं, तेव्हा त्याने दिव्यांची सगळी बटणं उचलून दाराच्या चौकटीच्या वर नेऊन बसवली. घरात आपल्याशिवाय आणखी कोणी दिवा लावतं, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. तेव्हापासून दारामागे एक काठी असायची. तो होता तोवर ती क्वचित लागायची. आता रोज लागत होती.

वालीवला एरॉलच्या फर्निचरच्या कारखान्यात द्वारका प्लायवूडच्या कडांना पट्ट्या चिकटवायची. एरवी तिथे स्वयंपाकघराची कपाटं बनतात. यंदा मात्र भलतंच काम आलं. कुठेतरी दूर समुद्रकाठी नवं अणुवीज केंद्र व्हायचं होतं. अजून सगळं कागदावरच होतं, पण जिथे बसून ते चालवायचं त्या खोलीचा अगदी खऱ्या मापाचा नमुना एरॉलने प्लायवूडमध्ये करून द्यायचा होता. खटक्यांच्या जागी लाकडी ठोकळे, दिव्यांच्या जागी छापील कागद. "चुका करायच्या त्या इथेच करून घ्यायच्या, मग लोखंडात होत नाहीत," असं त्या कामावरची तरुण इंजिनिअर अक्षया सांगायची. तिला दोन माणसं हवी होती, एक उंच आणि एक बुटकं. त्या खुर्चीवर उद्या कोणीही बसेल, आणि हात सगळ्यांचाच पोचायला हवा.

उंच म्हणून टेम्पोवाला जितेश ठरला. बुटक्यासाठी एरॉलला फार डोकं खाजवावं लागलं नाही.

"मॅडम, आमची द्वारकाताय आहे ना. हिच्यापेक्षा शॉर्ट तुम्हाला अख्ख्या वालीवमध्ये नाय भेटणार."

सगळा कारखाना हसला. सवयीने द्वारकाही हसली. अक्षया मात्र हसली नाही. तिने खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाली, "मावशी, बसा. पाय टेकतात का?"

आणि मग सुरूच झालं. हा खटका, हात पोचतो का? तो आकडा वाचता येतो का? संकोच करू नका मावशी, मान दुखते का? द्वारकाची मान गेली कित्येक वर्षं दुखत होती. कोणी विचारलंच नव्हतं, तर सांगायचं कोणाला? आता ती सांगत गेली, आणि अक्षया खरोखरच खुर्ची बदलत गेली, फळ्या सरकवत गेली. द्वारका घरून अळूवड्या आणू लागली. अक्षया 'मॅडम'ची 'बाय' झाली. संध्याकाळी घरी यायचं, काठीने दिवा लावायचा, मूठभर तांदूळ शिजवायचे, आणि उद्या आपल्याला काय विचारतील याचा विचार करत पडायचं. इतक्या सुखात ती बऱ्याच काळात नव्हती.

एका दुपारी अक्षया म्हणाली, "मावशी, हा शेवटचा खटका. हा झाला की तुमची सुटका."

अणुभट्टी थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाचा तो खटका वरच्या ओळीत होता. द्वारकाने हात वर केला. बोटं ठोकळ्याला लागणार एवढ्यात तिने कोपर जरा वाकवलं.

"नाही पोचत, बाय."

लबाडी तिच्या स्वभावात नव्हती. पण जिला सुटका नकोच आहे तिला सुटका मिळू लागली, तर तिने दुसरं काय करावं? अक्षयाने सुस्कारा टाकला आणि खटका खालच्या ओळीत घेतला. त्यासाठी अख्खी फळी नव्याने कापावी लागली. द्वारकाला आणखी काही दिवस मिळाले.

नवी फळी बसल्यावर जितेशला बोलावलं. तो पलीकडच्या दिव्याकडे वाकला आणि त्याचं कोपर त्या खाली आलेल्या खटक्यावर धाडकन आदळलं. लाकडाचाच ठोकळा, व्हायचं काहीच नव्हतं. पण अक्षयाचा चेहरा उतरला. "खरा असता तर पंप बंद पडला असता," ती म्हणाली. मग तिथेच उभी राहून साहेबांना फोनवर सांगू लागली, "नाही सर, वर नाही ठेवता येणार. मी माणूस बसवून बघितलंय. हात पोचत नाही."

आपण चार दिवस चोरतोय एवढंच द्वारकाला वाटलं होतं. पण उद्या कुठल्याशा गावाला लागून खरं केंद्र उभं राहणार होतं, आणि तिचं खोटं तिथे लोखंडात बसणार होतं. वर ही पोर तिच्या शब्दावर साहेबाशी भांडत होती. अक्षयाने फोन ठेवला तशी द्वारका पुढे झाली.

"मॅडम, हात पोचत होता. त्याच दिवशी पोचत होता."

"मग नाही का म्हणालात?"

"तुम्ही विचारायच्या थांबला असता."

अक्षया रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने जुनी फळी परत लावून घेतली आणि द्वारकाला पुन्हा बसवलं. खांद्यापासून बोटांपर्यंत टेप धरला, आकडा लिहिला. डोळ्यांपासून दिव्यापर्यंत टेप धरला, आकडा लिहिला. सगळे खटके तिने असे पुन्हा तपासले, पण तोंडाने एकदाही काही विचारलं नाही. अंधार पडायच्या आत काम आटोपलं. जाताना अळूवड्यांचा डबा धुऊन परत दिला, आणि "येते मावशी" म्हणाली.

द्वारका घरी पोचली तेव्हा वाडीत अंधारून आलं होतं. दारामागची काठी तिने घेतली नाही. चौकटीशी उभं राहून टाचा उंचावल्या आणि हात लांब केला, खांदा दुखेपर्यंत लांब केला. बोटं भिंतीवरच राहिली.

"नाही पोचत," ती मोठ्याने म्हणाली.

या वेळी ते खरं होतं. कोणीतरी बटण खाली घेईल, अशा आशेने ती थोडा वेळ हात वर धरून तशीच उभी राहिली.