भात शिजेपर्यंत

भाग्येश चुरी हा केळव्यापासून बोईसरपर्यंतच्या पट्ट्यातला एकमेव रॉक गायक. असं तो स्वतःच सांगायचा, आणि दुसरा कुणी दावेदार पुढे न आल्यामुळे ते खरंच मानावं लागे. वय एकोणचाळीस. केस खांद्यापर्यंत, पण फक्त मागून. पुढून त्यांनी केव्हाच माघार घेतली होती. सोमवार ते शनिवार बोईसरच्या एका औषधाच्या कारखान्यात तो खोकी भरायचा. तिथे केस झाकणारी कागदी टोपी सगळ्यांनाच घालावी लागे, पण भाग्येशच्या टोपीला मागे भलामोठा फुगा यायचा. त्यामुळे चौदा वर्षांत तिथे त्याला कुणी गायक म्हटलं नाही. गाठोडं म्हणत.

त्याच्या बँडचं नाव ‘खाजण’, म्हणजे खाडीकाठची खारी जमीन. एकेकाळी त्यात चौघे होते. ड्रमवाला नोकरीसाठी वापीला गेला, बेसवाला सासऱ्याच्या हार्डवेअरच्या दुकानात बसू लागला, आणि सासऱ्याच्या दुकानातून परत आलेला माणूस अजून कुणी पाहिलेला नाही. उरले दोघे. भाग्येश गायला आणि खंडेराव गिटारला. खंडेरावाचे वडील अणुवीज केंद्रात नोकरीला म्हणून साताऱ्याहून आले आणि इथलेच झाले. खंडेराव गिटार चांगली वाजवायचा आणि बोलायचा कमी. गायकाला आणखी काय हवं असतं?

रविवारी मात्र भाग्येश डीजे भाग्या व्हायचा.

त्याचं असं झालं, की केळव्याच्या आत्मारामशेठनी आपल्या वाडीतल्या पानवेली काढून तिथे रिसॉर्ट काढलं. ज्या विहिरीचं पाणी वेलींना जायचं, तेच आता फवाऱ्यातून बोईसरच्या कामगारांच्या डोक्यावर पडू लागलं. या प्रकाराला रेन डान्स म्हणतात. त्याला गाणी लागतात, आणि गाणी लावायला माणूस लागतो. भाग्येशने पहिल्या दिवशी मोठ्या तळमळीने विचारलं, की शेठ, तुम्हाला संगीत कोणत्या प्रकारचं हवं?

आत्मारामशेठ म्हणाले, “भात होईपर्यंत टिकंल असा.”

मग त्यांनी त्याला धंद्याचं मर्म सांगितलं. सहलीची माणसं अकराला पाण्यात उतरतात. पाण्यातून निघालेला माणूस सरळ पानावर जाऊन बसतो. आणि दीडशे माणसांचा भात काही केल्या दोनच्या आत होत नाही. म्हणजे अकरा ते दोन, भुकेल्या माणसांना पाण्यात रोखून धरायचं. डीजेचं काम ते एवढंच.

आणि काय सांगावं, या कामात भाग्येशचा हात धरणारा कुणी नव्हता! नऊ वर्षांत त्याला अशी नजर आली होती, की पाण्यातल्या कुठल्या माणसाला भूक लागली हे त्या माणसाच्या आधी भाग्येशला कळे. एकाने जरी जेवणाच्या मांडवाकडे मान वळवली, की भाग्येशचं बोट ठोका वाढवायच्या सरकपट्टीवर गेलंच. ठोका वाढला, की मान परत जागेवर. या कसबाची त्याला मनस्वी लाज वाटे. ओळखीचं कुणी दिसलं तर तो स्पीकरमागे बसून राही.

त्या ऑक्टोबरात खंडेरावाने बातमी आणली. डिसेंबरात पुण्याला रॉकचा तीन दिवसांचा मेळा होता, आणि त्यासाठी बँड निवडणाऱ्या रूपल नावाच्या बाईंना ‘खाजण’चं गाणं रेकॉर्डिंगवरून आवडलं होतं. आता त्यांना गायक समोर उभा करून ऐकायचा होता. येत्या रविवारी त्या येणार होत्या.

रविवारी रिसॉर्ट असतं, दुसरा वार माग, असं खंडेराव म्हणाला. घरीच बोलाव, मी पोहे करते, असं भाग्येशची बायको मेघाली म्हणाली. पण भाग्येशच्या अंगात गायक संचारला होता. रिकाम्या खोलीत कुणीही गातो, म्हणाला. दीडशे माणसांसमोर गाईन, बाईंना कळू दे. मेघालीने पोहे डब्यात परत ओतले.

आत्मारामशेठनी एक वाजता पाच मिनिटं दिली. “गा बाबा,” म्हणाले, “पण पाण्यातली माणसा भायेर नाय आली पायजेत. आली तर तू हाय नि मी हाय.”

त्या दिवशी बोईसरच्या कुठल्याशा रंगाच्या कारखान्याची सहल होती. रूपलबाई पुढच्या खुर्चीत बसल्या. खंडेरावाने गिटार जोडली. माइकची वायर आखूड, म्हणून भाग्येशला डीजेच्या टेबलामागूनच गावं लागणार होतं. त्याने ठोका बंद केला, डोळे मिटले आणि गायला सुरुवात केली.

गाणं खरोखर चांगलं होतं. ज्या वर्षी त्याच्या वडिलांच्या विहिरीत खारं पाणी शिरलं आणि त्यांनी स्वतःच्या हातांनी पानवेली उपटल्या, त्या वर्षी केलेलं.

विहिरीत माझ्या समुद्र आला, कुणी बोलावलं नव्हतं.
गोडं पाणी उठून गेलं, कुणी थांबवलं नव्हतं.

पहिल्या ओळीला पाण्यातली माणसं स्तब्ध झाली. दुसऱ्या ओळीला भाग्येशने डोळे किलकिले केले. दीडशे ओली माणसं एकटक त्याच्याकडे पाहत होती. आयुष्यात प्रथमच त्याला कुणीतरी ऐकत होतं. खंडेरावाच्या गिटारीलाही तेज चढलं. रूपलबाई खुर्चीत पुढे सरकल्या.

तेवढ्यात मागून एक जण शेजाऱ्याला हिंदीत म्हणाला, “किसी की तेरहवीं है क्या?” शेजारी म्हणाला, “तो फिर खाना मिलेगा.” आणि दोघांनी मांडवाकडे मान वळवली.

दोनच माना. एकाने काठावर एक पाय ठेवला, बस.

भाग्येशला गाणं थांबवायचं नव्हतं. पुढे शपथेवर सांगायला तो तयार होता, की त्याने काही ठरवलं नव्हतं. तो तिसऱ्या ओळीवर होता, डोळ्यांत पाणी होतं, आवाज अगदी लागला होता. आणि त्याचा डावा हात, घरचं जनावर संध्याकाळी न हाकता गोठ्याकडे वळावं तसा, आपसूक सरकपट्टीवर गेला.

ठोका आला. धड धड धड धड.

वडिलांची विहीर नाचायला लागली. काठावरचा पाय पाण्यात परत गेला. “कुणी बोलावलं नव्हतं” या शब्दांना दीडशे हात वर झाले. एक मुकादम पाण्यात आडवा पडून नागीण करू लागला. खंडेरावाने दोनदा गिटार जुळवून घ्यायचा प्रयत्न केला, मग वायर काढली आणि गिटार पेटीत ठेवली. भाग्येशने पट्टी खाली ओढायला हवी होती. पण आता मागची चार माणसं ढिली पडलेली त्याला दिसत होती, आणि त्याने ठोका आणखी चढवला. एक माणूस बाहेर आला नाही. दोन वाजता स्वयंपाकघरातून भात झाल्याची आरोळी आली, तेव्हाच त्याने हात काढला.

आत्मारामशेठनी लांबून समाधानाने मान हलवली.

रूपलबाई टेबलाशी आल्या तेव्हा भाग्येश टॉवेलने तोंड पुसत होता, आणि टॉवेल खाली घ्यायचं काही त्याला जमेना. बाई मात्र खूश होत्या. त्या म्हणाल्या, की मेळ्यात एक बँड उतरून दुसरा चढेपर्यंत वीस मिनिटं जातात, तेवढ्यात माणसं खायला निघून जातात ती फिरून येत नाहीत. तीन वर्षं त्या असा माणूस शोधत होत्या. तिन्ही दिवस, प्रत्येक दोन बँडच्या मधे, भाग्येशनेच उभं राहायचं.

“आणि गाणं?” भाग्येशने टॉवेलच्या आतून विचारलं.

“गाणं घेतलंय,” बाई म्हणाल्या. “पण तुम्ही नका गाऊ. जे गाणं दोन माणसांच्या जेवणापुढे तुम्हालाच टिकवावंसं वाटलं नाही, ते पाच हजार माणसांनी तुमच्या तोंडून का ऐकावं?”

हे त्या इतक्या साधेपणाने बोलल्या, की रागवायलाही जागा राहिली नाही. मग त्या जेवायला गेल्या. भात छान मोकळा झालाय, असं त्यांनी तिथून हात हलवून कळवलं.

खंडेराव खुर्ची ओढून समोर बसला. बराच वेळ गिटारच्या पेटीची कडी उघडत-लावत राहिला. मग म्हणाला, “लेका, शब्द लिहून दे. तिसरं कडवं मला येत नाही.”

“कोण गाणारे?”

“मीच. दुसरं आहे कोण आपल्यात?”

“तू गातोस?”

“तू होतास म्हणून गात नव्हतो.”

भाग्येशने जेवणाच्या कुपनाच्या पाठीवर शब्द लिहून दिले. अक्षर सुरेख काढलं. दुसऱ्या ओळीत ‘उठून’नंतर श्वास घे, नाहीतर ‘गेलं’ पडतं, असंही सांगितलं. ती जागा सापडायला त्याला स्वतःला दोन वर्षं लागली होती.

खंडेरावाने कुपन गुडघ्यावर ठेवलं आणि हलक्या आवाजात ओळ म्हणून पाहिली. ‘उठून’नंतर श्वास घेतला.

‘गेलं’ पडलं नाही. पहिल्याच खेपेला. टेबलावरचा माइक अजून चालूच होता; मांडवात रूपलबाईंचा घास हातात थांबला आणि त्यांनी वळून पाहिलं.

“हं,” भाग्येश म्हणाला. “आता पुढची म्हण.”